टॉवेलखालचा खेळ

त्या कार्यक्रमाचं खरं नाव मला आठवत नाही आणि आठवायची इच्छाही नाही. आमच्या घरात त्याला टॉवेलचा खेळ म्हणत. दुपारचं टीव्ही प्रसारण तेव्हा नवीनच सुरू झालं होतं आणि दर बुधवारी, माणसांनी निजावं अशा भर दुपारी, तो लागायचा. टेबलावर टॉवेल पसरलेला, त्याखाली घरातली एखादी वस्तू. दोन बायकांची जोडी. एकीनं डोळे मिटून टॉवेलखाली हात घालायचा आणि हाताला काय लागतंय ते सांगायचं. दुसरीनं घंटा वाजायच्या आत वस्तूचं नाव ओळखायचं. ओळखलं की टाळ्या, शेवटी जिंकलेल्या जोडीला मिक्सर. टाय लावलेला निवेदक इतका हसायचा की याच्या घरी कधी कुणाचं बरंवाईट झालंच नसेल, असं मला वाटायचं. मी त्याचा फार राग राग करायची.

आम्ही वाडीला, अमरावती रोडच्या आत, टिनाच्या छपराच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. बाबा जवळच्या ट्रान्सपोर्टच्या गोदामात कामाला होते, दुपारी जेवायला घरी यायचे. मी कॉलेजात नुकतीच जायला लागले होते. ताई, माझी थोरली बहीण, त्या वर्षी सासरहून परत आली होती. आली म्हणजे आणून सोडली. सातव्या महिन्यातच बाळंत झाली, मूल हाती लागलं नाही आणि त्यानंतर तिनं बोलणंच सोडलं. सासरच्यांनी थोडी वाट पाहिली. मग एक दिवस तिचा दीर तिला आणि तिच्या पेटीला आमच्या दारात ठेवून, चहासुद्धा न घेता निघून गेला. जावई त्या दिवशी आला नाही आणि पुढेही कधी आला नाही.

डॉक्टर म्हणाले, घशात काही दोष नाही, तिला बोलती करा. सांगायला काय जातं? आई दिवसभर तिच्याशी बोलायची. भाजीशी बोलायची, भांड्यांशी बोलायची, म्हणजे ताईच्या कानावर काही पडत राहावं. ताई भिंतीला टेकून बसलेली. जेव म्हटलं की जेवायची, आंघोळ कर म्हटलं की करायची. तिच्या डोळ्यांत पाहायची मला भीती वाटायची.

बाबांनी तिच्यासाठीच कुणाकडून तरी एक जुना ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आणला. त्याची एक खोड होती. कूलर चालू असला की चित्रावर आडव्या रेघा धावायच्या. म्हणजे टीव्ही पाहायचा तर कूलर बंद. मे महिन्यात, टिनाच्या छपराखाली, दुपारी! एवढं सोसून टीव्ही पाहणारे आम्हीच. पहिल्या बुधवारी बाबा वैतागलेही.

"काहून बंद केला वं कूलर? जीव जाऊन राहिला इथं."

"बसा चूप," आई म्हणाली. "पोरगी पाहून राहिली न."

ताई खरंच पाहत होती. टीव्हीवरची बाई टॉवेलखाली हात घालून सांगत होती, "लांब दांडा आहे, पुढं पसरट आहे, भोकं भोकं आहेत." तिची जोडीदारीण नुसतीच आठवत बसली होती. शेवटी म्हणाली, "चाळणी."

"झारा," ताई म्हणाली.

आवाज घोगरा होता, कित्येक महिने बंद खोलीत ठेवलेल्या कपड्यासारखा. आईच्या हातातली पोळी हातातच राहिली. टीव्हीवर घंटा वाजली, निवेदकानं टॉवेल उचलला, खाली झाराच होता. बाबा शर्टाच्या बाहीनं तोंड पुसत राहिले. मला वाटलं, घाम पुसताहेत.

त्या उन्हाळ्यात आमचा आठवडा बुधवारी सुरू व्हायचा आणि बुधवारीच संपायचा. सकाळपासून आई गडबडीत. बाबा जेवायची वेळ पुढे ढकलून यायचे. कूलर बंद व्हायचा, आम्ही चौघं घामानं निथळत बसायचो आणि ताई बोलायची. खलबत्ता. कंदील. पोळपाट. बाकी दिवस एक अक्षर नाही, पण त्या अर्ध्या तासात ती जगातल्या वस्तूंना त्यांची नावं देत असायची आणि एकही चुकत नसे. शेजारच्या काकू दारातून म्हणायच्या, "हिले मुंबईले पाठवा वं, मिक्सर घेऊन येईल." आई हसायची. आईला हसताना मी किती दिवसांनी पाहत होते. मला वाटलं, आता वस्तूंवरून ती माणसांवर येईल. एखाद्या बुधवारी माझं नाव घेईल.

मग एका बुधवारी खेळ लागलाच नाही. त्याच्या जागी शेतीच्या खतांवर कुणीतरी बोलत होतं. पुढच्या बुधवारीही तेच. ना सूचना, ना निरोप. त्यांच्या दृष्टीनं एक फुटकळ कार्यक्रम बंद पडला होता. त्यांना काय माहीत वाडीत कुणाचा जीव कशाला टांगलेला आहे? त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. तो शहाणपणाचा नाही, हे मला कळतं.

ताई टीव्हीसमोरून हलेना. आईनं चटकन सांगून टाकलं, "ॲन्टेना फिरला असन, बाई. ट्रकांनं हालते न तो. तुह्या बाबाले सांगते." बाबांनी आईकडे पाहिलं आणि शिडी लावली. तापलेल्या टिनावर पोतं टाकून ते उभे राहिले आणि ॲन्टेना फिरवू लागले.

"आलं काय?" वरून आवाज.

"नाही. थोडं इकडं घ्या," खालून आई.

चित्र अगदी स्वच्छ होतं. खतांचा माणूस काचेसारखा दिसत होता. त्याची मान बाबांच्या फिरवण्यानं गायब व्हायची आणि परत यायची. तरी पुढच्या बुधवारी बाबा पुन्हा चढले आणि त्याच्या पुढच्याही. गोदामातून धावत यायचे, न जेवता वर जायचे. खोटं सुरू आईनं केलं होतं, पण ते उन्हात उभं राहून निभवायचे बाबा. आणि मला वाटतं, हळूहळू त्या दोघांनाही वाटू लागलं होतं की नीट फिरवलं तर खरंच लागेल.

शेवटी ताईच उठली. अंगणात जाऊन वर पाहत म्हणाली, "बाबा, उतरा न खाली. ते बंद झालं."

बाबा उतरले. त्यांच्या तळपायांना फोड आले होते.

त्यानंतर आईनं घरात खेळ मांडला. टॉवेल तोच, अंग पुसायचा. मी हात घालून सांगायची आणि ताई भिंतीकडे पाहत राहायची. पळी झाली, किसणी झाली, कुलूप झालं. दोन खोल्यांच्या घरात वस्तू असून असून किती असणार? एक दिवस सगळं संपलं, तेव्हा आईनं टॉवेलखाली स्वतःचाच हात ठेवला. तिची डावी करंगळी कधीतरी वरवंट्याखाली सापडून वाकडी झाली होती.

मी डोळे मिटून म्हटलं, "गरम आहे. करंगळी वाकडी आहे."

ताईची नजर भिंतीवरून टॉवेलकडे वळली. मग ताई म्हणाली, "आई."

आई टॉवेलमध्ये तोंड खुपसून रडली. आम्हाला वाटलं, सुरुवात झाली. पण तेवढंच. दुसऱ्या दिवशी ताई गप्प, नंतरही गप्प. आई रोज टॉवेलखाली हात ठेवायची आणि मी रोज तेच सांगायची, उत्तर यायचं नाही. हळूहळू मी सांगायचं सोडलं. आईनं हात ठेवायचं सोडलं नाही.

त्याच वर्षी हिवाळ्यात आईला कावीळ झाली आणि ती गेली. अंगणात तिला ठेवलं होतं, पांढऱ्या चादरीनं झाकून, उशाशी मेणबत्त्या. बुद्धवंदना होऊन गेली होती, बायका मागे सरल्या होत्या. ताई पुढे आली, आईजवळ बसली. तिनं डोळे मिटले आणि चादरीखाली हात घातला.

"गार हाये," ताई म्हणाली.

सगळे थांबले. ती चाचपडत राहिली.

"करंगळी वाकडी हाये."

मग तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. आता नाव सांगायची पाळी आमची होती. उत्तर आम्हा दोघांनाही येत होतं. बाबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मी नुसती उभी होते. ताई वाट पाहत राहिली, हात तसाच चादरीखाली ठेवून.