भाड्याचे विद्यार्थी

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. पुण्यात तेव्हा कॉम्प्युटरचं वारं होतं. हिंजवडीत इमारती उठत होत्या आणि धायरीतले शेतकरी जमिनी विकून 'आता काय करायचं' म्हणत होते.

धायरीच्या एक बाई आमच्या पोलीस ठाण्यात आल्या. जमिनीच्या पैशातून त्यांनी एका कंपनीकडून कॉम्प्युटर क्लासची फ्रँचायझी, म्हणजे कंपनीच्या नावानं क्लास चालवायचा हक्क, घेतली होती. 'पहिल्या महिन्यापासून वर्ग भरेल' असं सांगितलेलं. वर्षात चार विद्यार्थीसुद्धा आले नाहीत. घरात दीर रोज म्हणे, "वहिनीच्या अकलेनं जमीन गेली."

आमचे साहेब म्हणाले, "दिवाणी बाब आहे, कोर्टात जा." आणि खरं सांगतो, मीही तेच म्हणून त्यांना दोनदा परत पाठवलं.

तिसऱ्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, "साहेब, मी डोळ्यांनी बघून पैसे दिले. कंपनीचा सोताचा वर्ग गच्च भरलेला. मी पेढे नेले हुते, एकेकाच्या हातावर ठेवला."

खबऱ्या वगैरे कोणी नव्हता. टीप ती हीच. तीन महिन्यांचा कोर्स, आणि पेढे वाटून झालं होतं वर्ष. म्हणजे बाईंनी पेढा दिलेला एकही चेहरा आता त्या वर्गात दिसायला नको.

दुसऱ्या दिवशी मी टोपी-पायजम्यात गिऱ्हाईक बनून त्या वर्गात गेलो. बाईंना जिन्याखाली उभं केलं. टायवाला विक्रेता म्हणाला, "बघा काका, बॅच फुल्ल!" मी पाहिलं, मागच्या रांगेतल्या कॉम्प्युटरला वायरच नव्हती. त्याच्यापुढं बसलेला मात्र बटणं बडवत होता.

वर्ग सुटला. मंडळी खाली उतरली. बाईंनी माझी बाही ओढली. "ह्यो चष्मेवाला! ह्यानं 'मला साखर हाय' म्हणत पेढा घेतला न्हाई. आन् त्या दाढीवाल्यानं दोन घेतले."

दाढीवाल्याला चहा पाजला. तो लगेच बोलला. "गिऱ्हाईक यायचं असलं की बोलावतात. दिवसाचे पन्नास आणि वडापाव."

गुन्हा दाखल केला. ठाण्यात विक्रेत्यानं इंग्रजी करार पुढं सरकवला. "सर, क्लॉज आहे. तोंडी आश्वासनांना कंपनी जबाबदार नाही. मॅडमची सही आहे."

मी सातवी पास, शिपाई म्हणून लागलेला सहायक फौजदार. म्हटलं, "मला इंग्रजी येत नाही, मराठीत सांगा. भरलेला वर्ग दाखवलात, तो तोंडी दाखवलात का?"

विक्रेता टाय सैल करायला लागला. मग दाढीवाल्याचा जबाब वाचून दाखवला. अर्ध्या तासात कबूल झाला. प्रत्येक गिऱ्हाइकाला तोच वर्ग, तीच माणसं.

फ्रँचायझी विकणाऱ्यांसाठी वेगळा कायदा नव्हता. पण चारशे वीस होतं ना! खोटं दाखवून सही घेतली, तर त्या सहीमागं लपता येत नाही. करार रद्द करून मागायला दिवाणी कोर्ट आहेच, म्हणून पोलिसांनी हात झटकायचे नसतात. हे कळायला मला एका बाईचे तीन हेलपाटे लागले, याचा राग त्या टायवाल्यापेक्षा माझ्यावर जास्त आहे.

पैसे सगळे परत आले नाहीत. फिर्यादीची प्रत द्यायला मी स्वतः धायरीला गेलो. ओट्यावर दीर बसले होते. त्यांच्यासमोर वाचायला लागलो, सातवीवाला वाचतो तसा, अक्षर अक्षर लावून.

दीर म्हणाले, "कळलं साहेब, वहिनींना फसवलं. पुरे आता."

दाराआडून बाई म्हणाल्या, "पुरे न्हाई. पुन्हा पहिल्यापासून वाचा."

मी वाचलं.