फक्त ब्रेक तेवढा लागत नाही

लोक गॅरेजमध्ये गाडी सोडून जातात, असं तुम्हाला वाटतं. चूक! लोक किस्सा सोडून जातात. गाडी संध्याकाळी घेऊन जातात, किस्सा आमच्याकडेच राहतो. काळाचौकीच्या आमच्या गल्लीत एवढे साठलेत, की भंगारवाला ते उचलत असता तर जरा पाय ठेवायला तरी जागा झाली असती!

त्यातले निम्मे ब्रेकचे. हॉर्न बिघडला की माणूस धावत येतो. सायलेन्सर खडखडला की रात्री झोप लागत नाही. ब्रेकचं मात्र, "असू दे रे, चालतंय." डोकं फिरतं माझं!

मी सुनील. गॅरेज मी आणि नाना मिळून बघतो. नाना मूळचे मालवणकडचे, माझ्या वडिलांचे दोस्त. दिवसभरात मोजकं बोलतात, आणि जे बोलतात ते मालवणीत.

*

या सगळ्याची सुरुवात केली प्रसादने. प्रसाद आमच्याच गल्लीतला, परळच्या टॉवरमध्ये एसीत बसून काम करतो. एक दिवस गाडीला लालभडक ब्रेक लाइन लावून आला. ब्रेक लाइन म्हणजे काय, तर तुम्ही लिव्हर दाबलीत की ऑइल ज्या नळीतून चाकापर्यंत जातं, ती नळी. कंपनी रबराची देते. बाहेर स्टीलची जाळी विणलेली मिळते. ती फुगत नाही, ब्रेक कडक लागतो. वस्तू चांगली आहे, माझं काही म्हणणं नाही. पण ती कुठून फिरवायची, कुठे बांधायची, कुठे मोकळी सोडायची, सगळा खेळ त्यात आहे. आणि आमच्या पोरांनी बघितलं काय? रंग!

पुढच्या रविवारी अख्खा कट्टा दारात. निळी आहे का? हिरवी आहे का? एकजण मंडळाचा टी-शर्ट घेऊन आला, म्हणे याला मॅच होईल अशी भगवी दे.

मी म्हटलं, "देतो. लांबी किती?"

सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. शेवटी एकाने धीर करून विचारलं, "लांबी पण असते?"

त्या घोळक्यात आमचा महेश होता. महेश म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, सुजाताचा नवरा. राहायला करी रोडला. दुसरा कुणी असता तर चार शब्द सुनावले असते. पण जावई! जावयाला खुर्ची, जावयाला थंडा, आणि जावई गाडीचं काहीही करून आला तरी "वा, छान!" आईची सक्त ताकीद आहे, "जावयाला उलटून बोलायचं नाही." आणि त्याच्या मागच्या सीटवर तुझीच मुलगी बसते, हे आईला कोण समजावणार? मला मात्र तो दिसला की आधी तेच आठवतं.

*

मग बंड्या. बंड्याने मला न विचारता ऑनलाइन लाइन मागवली. "युनिव्हर्सल आहे रे, सगळ्या गाड्यांना बसते!" युनिव्हर्सल म्हणजे जी कुठल्याच गाडीला धड बसत नाही ती, हे मी याला कितव्यांदा सांगितलं असेल देव जाणे. घरीच बसवली आणि दाखवायला आणली.

मी हॅण्डल उजवीकडे फिरवलं, ठीक. डावीकडे फिरवलं, तर अर्ध्यातच अडकलं. लाइन ताठ! आणखी जोर लावला असता तर जॉइंटच उखडला असता.

"बंड्या, ही आखूड आहे. डावीकडे वळताना ब्रेक हातात येईल."

"माहितेय," बंड्या म्हणाला. "मी अभ्यास केलाय. घर ते ऑफिस, सगळी वळणं उजवीच आहेत!"

घ्या! माणसाने गाडी सुधारायची सोडून रस्ता शोधून काढला! मी कपाळावर हात मारला. नाना कोपऱ्यात प्लग साफ करत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "आणि परत येतलंस तेव्हा?"

बंड्याने बोटांवर वळणं मोजून बघितली. मग म्हणाला, "परत यायचा अभ्यास बाकी आहे."

*

रंगीत लाइन सगळ्यांकडे झाली, म्हणून प्रसादला आता काळी हवी झाली. या वेळी म्हणाला, मी स्वतः बसवणार, व्हिडिओ बघितलेत. चाळीच्या पटांगणात गाडी उभी केली, आणि मदतीला कोण? त्याची आई!

नवी लाइन टाकली की आतली हवा काढावी लागते. एकाने वर लिव्हर दाबून धरायची, दुसऱ्याने खाली नट सैल करायचा, हवा फुस्स करून बाहेर. आधी नट बंद, मगच लिव्हर सोडायची. क्रम चुकला की काढलेली हवा परत आत. काकू बिचाऱ्या स्टुलावर बसून लिव्हर दाबतायत, आणि वरच्या गॅलऱ्यांतून सगळी चाळ सल्ले देतेय.

"आई, धर! सोडू नकोस हं, काही झालं तरी सोडू नकोस!"

"धरलीय रे बाबा!"

नेमक्या त्याच वेळी जयवंतीमावशी आल्या. मावशी म्हणजे आमच्या भागात स्कूटरवरून मासे विकणाऱ्या कोळीण. "ताजी पापलेटं हाएत गो!" झालं! काकूंनी लिव्हर सोडली आणि पापलेटाचे कल्ले उघडून बघायला गेल्या. नट उघडा, हवा आत, आणि प्रसादच्या तोंडावर ऑइल.

असं सगळी दुपार चाललं. मावशी गेल्या तर भाजीवाला आला. भाजीवाला गेला तर बहिणीचा फोन आला. शेवटी काकूंनी हात झटकले. "एवढ्यात माझी दहा माणसांची कणीक मळून झाली असती!"

संध्याकाळी प्रसाद गाडी ढकलत माझ्याकडे आला. टाकीवर ऑइल सांडून रंग उडालेला, अंगभर डाग. पण चेहरा कसा, बोर्डात आल्यासारखा!

"सुन्या, ऐंशी टक्के काम झालंय," म्हणाला. "फक्त ब्रेक तेवढा लागत नाही."

*

त्या जयवंतीमावशींचंही ऐका. त्यांची पुढची लाइन खाऱ्या पाण्याने कुजली होती. मी नवी टाकली, नीट क्लिपमधून फिरवली, हवा काढली, एक नंबर ब्रेक केला. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी दारात! कमरेवर हात.

"काय केलंस रं माझ्या गाडीचं?"

"का? ब्रेक लागत नाही?"

"लागतो ना! तोच तर ताप! दाबला की मागचा सगळा बर्फ माझ्या मानेवर! जरा कमी लागंल असा ठेव."

आता बोला! एवढा मनापासून ब्रेक चांगला केला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचीच कम्प्लेंट! शेवटी ब्रेकला हात न लावता मी माशांच्या क्रेटला मागून दोरी बांधून दिली. दोन दिवसांनी मावशींनी बांगडे पाठवले. सोबत निरोप, "आता बरोबर कमी केलास."

*

बंड्याची ती आखूड लाइन मी बदलून दिली, आणि दसऱ्याला त्याने गाडीची पूजा केली. करावी, माझी ना नाही. पण झेंडूचा हार बांधला कुठे? ब्रेक लाइनला! तोही कचकचून. फुलं वाळून गळाली, सुतळी राहिली. सुतळीला लिंबू-मिरची लटकली. त्या ओझ्याने लाइन क्लिपमधून सुटून टायरला घासायला लागली. दिवाळीनंतर गाडी आली तेव्हा वरची जाळी पार झिजलेली.

मी पक्कड घेतली, तर बंड्या मध्ये! "कापू नको रे, देवाचं आहे!"

नानांनी चपला काढल्या, हाराला हात जोडले, आणि कचकन सुतळी कापली. मग लाइन दाखवली. "बदलूक होयी."

"आता नको नाना, पुढच्या महिन्यात. तोवर चालतंय."

आमच्या गॅरेजमध्ये हा शब्द नानांसमोर काढायचा नाही, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. बंड्या विसरला. नानांनी गल्लीच्या टोकाच्या भिंतीकडे बोट केलं. "चलता? मगे थंय भितीक पाठ लावन उभो रव. मी तुझीच गाडी घेवन येतंय. तुझ्या फुडे ब्रेक मारतंय."

नानांचा नियमच आहे तो. आजवर असले कितीतरी "चालतंय"वाले त्यांनी भिंतीकडे पाठवले. एकही उभा राहिला नाही. बंड्या मात्र हसत हसत गेला, भिंतीला टेकला, वर मोबाइल काढून शूटिंगला तयार! नानांनी शांतपणे हेल्मेट घातलं, गाडी सुरू केली, एकदा रेस दिली.

"नाना, थांबा!" बंड्या ओरडला. "घरी गॅसवर दूध ठेवलंय!"

ज्या माणसाने जन्मात स्वतःचा चहा केला नाही, त्याला दूध आठवलं! लाइन त्याच दिवशी बदलली.

*

आणि आता महेश.

शिमग्याच्या तोंडावर महेशने गाडीला उंच हॅण्डल लावलं. कुणाकडून, तर स्वतःच. हॅण्डल वर गेलं, ब्रेक लाइन तीच जुनी, कंपनीची. सकाळीच सॅकबिक बांधून गॅरेजवर आला, म्हणे हवा भरून दे, आम्ही दोघं गावाला निघालो. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात पालखी येणार होती. सुजाता वरती आमच्या घरी आईला भेटायला गेली होती.

मी गाडी स्टॅण्डवर घेतली, पुढचं चाक उचललं. लाइन तारेसारखी ताणलेली! जॉइंटपाशी ऑइलची ओल. मी पुसली, लिव्हर दाबली, परत ओल.

"महेश, ही लाइन बदलावी लागेल. लांब हवी. उद्या सकाळी मागवून देतो."

"उद्या पालखी आहे सुनीलदादा. एसट्या फुल्ल. आज निघायलाच हवं."

"अरे, पुढे घाट आहे. उतारावर खड्ड्यात चाक गेलं, शॉक खाली उतरला, की हा जॉइंट..."

"हळू जाईन ना. ब्रेक लागतोय की, बघा!" त्याने लिव्हर दाबून दाखवली. "चालतंय!"

नानांनी पाना खाली ठेवला. मी डोळ्यांनीच म्हटलं, नाना नको, जावई आहे! नाना दात ओठ खात परत खाली बसले. आणि मी? दुसऱ्या कुणाची असती तर चावी काढून खिशात टाकली असती. इथे मी काय केलं, तर खुर्ची पुढे केली आणि विचारलं, "थंडा घेणार?" शरम वाटली मला स्वतःची! बहीण घाटात जाणार त्या गाडीवरून, आणि मी थंडा विचारतोय!

"नको," मागून आवाज आला. सुजाता. हेल्मेट हातात, पिशवीत आईने दिलेल्या पुरणपोळ्या. किती वेळ उभी होती कोण जाणे. लहानपणापासून या गॅरेजात खेळलेली पोरगी ती. तिने वाकून लाइनकडे बघितलं, बोटाने ओल पुसली, बोट ओढणीला पुसलं.

"दादा काय म्हणतोय?" तिने महेशला विचारलं.

"काही नाही गं. चालतंय."

"बरं," सुजाता म्हणाली. पिशवी माझ्या हातात दिली, हेल्मेट खुर्चीवर ठेवलं आणि चालायला लागली. सरळ गल्लीच्या टोकाला. भिंतीला पाठ लावली, हाताची घडी घातली.

"अहो, या!" तिथून हाक मारली.

महेश हसला. आमच्याकडे बघितलं. आम्ही कुणी हसलो नाही. मग गाडीवर बसला, स्टार्ट केली. लिव्हर दाबली. सोडली. परत दाबली. खाली वाकून जॉइंटवरून बोट फिरवलं आणि त्या बोटाकडे बघत राहिला. गाडी फटफटतेय, गल्लीत सगळे थांबलेत, बंड्याच्या हातातला वडापाव तोंडापाशीच राहिलाय.

महेशने गाडी बंद केली. उतरला. दोन्ही हातांनी ढकलत आत आणली, स्टॅण्डवर लावली आणि खालच्या मानेने म्हणाला, "नाना, लांब लाइन उद्या नक्की येईल ना?"

नाना काही बोलायच्या आत भिंतीपासून आवाज आला.

"अहो, येताय ना? मी उभी आहे!"