चिंचेने घासलेलं पदक

त्या मंगळवारी सकाळचे आठ वाजून गेले तरी पदक आलं नाही. तुम्ही म्हणाल, पदक काय रोज येतं का कुणाकडे? माझ्याकडे यायचं, फोनवर. माझे धाकटे दीर, दिनूभाऊजी, इथेच नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनहून मला रायस्वाइकला रोज आठाच्या ठोक्याला एका जुन्या जर्मन पदकाचा फोटो पाठवायचे, खाली एक ओळ. 'बव्हेरिया. एका शाळामास्तराला मिळालेलं.' मी लिहायची, 'छान. चहा झाला का?' करोनाच्या दिवसांत आम्हा दोघा एकट्या म्हाताऱ्यांची ती हजेरीच होती म्हणा ना. त्या दिवशी साडेआठला फोन केला, नऊला केला... साडेनऊला त्यांच्या शेजारीणबाईंनी उचलला. त्यांच्याकडे किल्ली असायची. झोपेतच गेले, म्हणाल्या. चष्मा उशाशी होता आणि त्या दिवशीचं पदक मखमलीवर आधीच काढून ठेवलेलं होतं.

आज त्याला सहा आठवडे झाले. आता जरा सांगता येतं.

भाऊजी इंजिनिअर, कॉम्प्युटरच्या चिपा बनवायच्या यंत्रांवर जन्म काढला. लग्न केलं नाही. मी टोकलं की म्हणायचे, "वहिनी, केलं असतं तर पदकं कुठे ठेवली असती?" जर्मनीची हद्द त्यांच्या घरापासून तासाभरावर. रविवारी सायकल आगगाडीत घालून तिकडच्या जुन्या बाजारात जायचे आणि खिशात काहीतरी घेऊन यायचे. जर्मनीत पूर्वी आपल्या संस्थानांसारखे राजे होते म्हणे. "राज्य तळहाताएवढं, वहिनी, आणि पदकं ताटभर." पण सेनापतींची पदकं त्यांना नकोच असायची. आगीचा बंब ओढणारा, सुईण, पोस्टमन, अशांची हवीत. आणि हिटलरच्या काळातलं एकही घरात आणायचं नाही, हा नियम. प्रत्येक पदकाबरोबर एक कार्ड, त्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत इंग्रजीत लिहिलेलं: राज्य कोणतं, कोणाला दिलं, कशाबद्दल, आणि स्थिती कशी आहे.

पहिला लॉकडाऊन लागला तेव्हा मी फोन करून सांगितलं, तिकडे एकट्याने खिचडी खात बसू नका, इकडे या. आले. एका बॅगेत कपडे, तीन बॅगांत पदकं. सात महिने राहिले. तक्रार म्हणाल तर एकच, जेवणाच्या टेबलावर प्रशियाचं राज्य पसरलेलं असायचं आणि मला पोळ्यांचा डबा ठेवायला जागा मागावी लागायची.

मग आली खंडेनवमी. मी दरवर्षी विळी, शिवणाचं मशीन, माझी सायकल सगळ्यांची पूजा करते. झेंडू मिळत नाही, सुपरमार्केटातली पिवळी शेवंती चालवून घेते. म्हटलं, "भाऊजी, तुमचंही एक पदक ठेवा पाटावर." इतके खूश झाले की सर्वांत लाडकं काढून दिलं. सॅक्सनी राज्यातलं, ब्राँझचं, रेल्वेचे सांधे बदलणाऱ्या एका माणसाला मिळालेलं. मी पाटावर स्वस्तिक काढायला लागले तर म्हणाले, "ते देवांपुढे काढा. जर्मन पदकाखाली नको. हेंकने पाहिलं तर त्याला समजावण्यात माझा जन्म जाईल." हेंक म्हणजे त्यांचा पदकवाला डच मित्र. मी कमळ काढलं. भाऊजी आंघोळीला गेले.

आता बघा, शेजारी लख्ख समई, लख्ख तांब्या, आणि मध्ये हे काळंकुट्ट. देवापुढे असं ठेवायचं? चिंच भिजलेलीच होती...

भाऊजी बाहेर आले आणि पाटापुढे उभेच राहिले.

"वहिनी, हे काय?"

"घासलं. कसं सोन्यासारखं दिसतंय बघा."

"कशाने?"

"चिंच आणि मीठ. दुसरं कशाने?"

ते हळूच खुर्चीत बसले. "शंभर वर्षं लागली होती हो त्याला काळं व्हायला."

"आणि मला पाच मिनिटं लागली. त्यात एवढं काय?"

एवढं काय, ते रविवारी कळलं. व्हिडिओ कॉलवर हेंकने ते पदक पाहिलं आणि मयताला आल्यासारखी डोक्यावरची टोपी काढली. या पदकवाल्यांत म्हणे तो जुना काळपटपणाच खरा दागिना. दसऱ्याला भाऊजींनी श्रीखंडाची दुसरी वाटी मागितली नव्हती, तेव्हाच मला समजायला हवं होतं.

पंधरा दिवसांनी ते परत गेले. कुंड्यांतली झाडं वाळली असतील, म्हणाले. झाडं दोन होती, दोन्ही निवडुंगाची. मग रोजचे फोटो सुरू झाले. वर्षभर आले, पण त्यात ते पदक कधी आलं नाही. मी रोज आधी तेच शोधायची. चुकले म्हणायचं मनात होतं. आधी वाटलं, पदकच तर आहे. मग वाटलं, आता इतक्या दिवसांनी काय काढायचं... आणि मग तो मंगळवार आला.

गेल्या आठवड्यात हेंक आला. सगळा संग्रह जर्मनीतल्या एका छोट्या संग्रहालयाला जायचाय, भाऊजींनी तसं लिहून ठेवलं होतं. पण एक डबी माझ्या नावाची होती. उघडली तर तेच, पिवळ्या-निळ्या फितीसकट. कार्डही होतं. हेंक म्हणाला, "बाकी सगळी कार्डं मी वाचली. हे एकच तुमच्या भाषेत आहे. काय लिहिलंय?"

मी चष्मा पुसून वाचलं. 'सॅक्सनी. ब्राँझ. पहिल्यांदा दिलं: रेल्वेच्या माणसाला, चोख कामाबद्दल. दुसऱ्यांदा दिलं: वहिनींना, सात महिने गरम जेवणाबद्दल. स्थिती: चिंचेने घासलेलं. पुन्हा घासू नये, ही विनंती.'

हेंक वाट बघत होता. मी म्हटलं, "स्थिती लिहिलीय." आणि त्याला श्रीखंड वाढलं. दुसरी वाटी त्याने मागून घेतली.

पदक आता स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. सकाळी आठाला मी त्याचा फोटो काढून हेंकला पाठवते. काल त्याने लिहिलं, 'कडेला थोडं काळवंडतंय. छान.' मला काही ते छान दिसत नाही. आज आमटीसाठी चिंच कोळत होते, हात तसाच ओला, आपोआप तिकडे गेला... फितीपर्यंत गेला आणि मी तो मागे घेतला. विनंती आहे भाऊजींची.