आमच्या अन्वरची वर्ल्ड टायटल फाइट

राग फार वर्षं मनात राहिला की त्याचे किस्से होतात, असं आपलं माझं मत. चूक असेल, माझी मतं बहुधा चूकच निघतात. पण संध्याकाळी कट्ट्यावर मित्र म्हणतात, "सर, ती बॉक्सिंगची गोष्ट सांगा की," आणि मी एक सांगायला जातो तर तिच्यामागून चार येतात. मित्र पोट धरून हसतात. मी बीपीची गोळी घेऊनच बसतो.

वीसेक वर्षांपूर्वी नवीन जालन्यात, स्टेशनजवळच्या एका रिकाम्या सरकीच्या गोदामात आमचा बॉक्सिंग क्लब होता. कोच कदम सुभेदार, कुंभार पिंपळगावचे, फौजेतून निवृत्त. अध्यक्ष मी. मी आयुष्यात कोणाला साधी चापट मारलेली नाही; पण लेटरहेडवर पदार्थविज्ञानाचा पीएच.डी. बरा दिसतो, असं सुभेदारांचं म्हणणं. आणि आमचा खरा बॉक्सर म्हणजे अन्वर. दिवसा रोलिंग मिलच्या भट्टीवर, संध्याकाळी गोदामात.

*

आमच्या भागात एक पुढारी होते. सगळे त्यांना नुसतं साहेब म्हणत. त्यांच्या वाढदिवसाला दरवर्षी कुस्त्या व्हायच्या. त्या वर्षी त्यांच्या भाच्याच्या डोक्यात आलं की यंदा काहीतरी इंटरनॅशनल पाहिजे! त्यानं मुंबईहून एक प्रमोटर गाठला. प्रमोटर म्हणाला, वर्ल्ड टायटल फाइट लावून देतो. चॅम्पियन थायलंडचा, समोर तुमचा लोकल माणूस.

मला शंका फार. मी विचारलं, "वर्ल्ड टायटल म्हणजे नेमकं कोणत्या संघटनेचं?"

प्रमोटर म्हणाला, "सर, वर्ल्ड एकच आहे. संघटना पाहिजे तितक्या आहेत!"

मी अन्वरला बाजूला घेऊन म्हणालो, "बाबा, यात काही अर्थ आहे का, मला कळत नाही."

तो म्हणाला, "सर, चॅम्पियनचा पट्टा कोणत्या का संघटनेचा असंना. चॅम्पियन तं खरा हाये ना? त्याला पाडला तं बाहेरच्या फाइटी मिळतील. हारलो तं भट्टी हायेच."

अन्वर तिशीला आला होता. अशी संधी पुन्हा येणार नाही, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

*

मग भाच्याला वाटलं, लोकल माणूस आपणच का नाही? तो जिममध्ये जायचा. दंड दाखवायचा. मला म्हणाला, "सर, मामाच्या वाढदिवसाला घरातलाच माणूस पाहिजे."

मी घाबरून सुभेदारांकडे पाहिलं. सुभेदार मात्र शांतपणे म्हणाले, "बिलकुल! फक्त सिलेक्शन करावं लागंल. अन्वर, ग्लोव्ह्ज घाल."

भाचा रिंगमध्ये चढला. अन्वरनं एकच ठोसा मारला, तोही हवेत, भाच्याच्या नाकासमोर वीतभर अंतरावर. भाचा दोर ओलांडून खाली उतरला आणि म्हणाला, "सुभेदार, मी नियोजन बघतो."

*

फाइटच्या आधी वजन मर्यादेत लागतं. क्लबकडे काटा नव्हता. मोंढ्यात धान्य तोलणारा मापाडी नारायण आमच्या ओळखीचा. दर आठवड्याला अन्वर लंगोटावर त्याच्या काट्यावर उभा राहायचा आणि नारायण पोत्याचं सांगावं तसं खणखणीत आवाजात वजन सांगायचा. वजन बराबर होतं. आम्ही निश्चिंत.

फाइटच्या आदल्या दिवशी मुंबईचा काटा आला. अन्वर किलोभर जास्त! भर मेमध्ये, दुपारच्या उन्हात, दोन स्वेटर घालून तो माणूस अंबड रस्त्यावर पळाला. थेंबभर पाणी नाही. कसाबसा वजनात बसला. मी रडायचा बाकी होतो.

सुभेदार तसेच मोंढ्यात गेले. "नाऱ्या, काय मापलं व्हतं तू?"

नारायण म्हणाला, "जे भरलं ते. बारदान कापून सांगितलं."

"बारदान? आरं, त्याच्या अंगावर लंगोट सोडून काय व्हतं?"

"सुभेदार, वजन केलं की पोत्याचं किलोभर कापायचंच, असा रिवाज हाये. आजपर्यंत एका बी शेतकऱ्यानं तक्रार केली न्हाई!"

*

ते बॅनर आठवले की मी अजून बीपीची दुसरी गोळी काढतो.

गांधी चमनपासून स्टेशनपर्यंत बॅनर लागले होते. मधोमध साहेब, मोबाइलवर बोलताना. खाली भाचा, प्रमोटर, मंडपवाला आणि शुभेच्छुक म्हणून जे जे फोटो काढून आले ते सगळे. थायलंडचा चॅम्पियनही होता, एका कोपऱ्यात. अन्वर कुठेच नाही.

त्याची आई बुरख्यात उभी राहून एकेक चेहरा तपासत होती. अन्वरला म्हणाली, "बेटा, तू कौनसे कोने में है?"

अन्वर म्हणाला, "अम्मी, मैं इसमें नहीं. मैं रिंग में हूँ."

मी, ज्यानं प्राचार्यांपुढेही कधी आवाज चढवला नाही, तो तडक भाच्याकडे गेलो. विचारलं, "ज्याची फाइट आहे त्याचा फोटो नाही?"

भाचा म्हणाला, "सर, जागाच उरली न्हाई. अन् समजा हारला, तं फोटो वाया न्हाई का जाणार?"

*

आता फाइट.

मैदान खचाखच भरलेलं. साहेब सातला येणार होते; आठ वाजले तरी पत्ता नाही. चॅम्पियनचा मॅनेजर घड्याळ दाखवू लागला, तेव्हा फाइट सुरू करावी लागली.

पहिल्या दोन राउंडमध्ये अन्वरनं फक्त मार खाल्ला. मी डोळे मिटूनच होतो. तिसऱ्या राउंडमध्ये एकदम मैदान ओरडलं, म्हणून उघडले. चॅम्पियन पाठीवर पडला होता! अन्वरचा डावा हुक हनुवटीवर बसला होता.

पाडणाऱ्यानं लांबच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं, असा नियम. अन्वर तसा उभा राहिला. रेफरी मोजू लागला. दहापर्यंत उठला नाही तर खेळ संपला, पट्टा आपला. चार. पाच. चॅम्पियनची नजर कुठेच नव्हती. सहा. सात.

आणि सायरन वाजला.

"आदरणीय साहेबांचं आगमन झालेलं आहे!" निवेदक माइकवर गरजला. "सर्वांनी उभं राहून टाळ्यांच्या गजरात स्वागत करावं!"

बँड सुरू झाला. रेफरीचा आवाज त्यात बुडाला. साहेब थेट रिंगमध्ये चढले, मागून पंधरावीस कार्यकर्ते. चॅम्पियनकडे बघून साहेब म्हणाले, "हे काय? पाहुणे खाली? उठवा, उठवा!"

दोघांनी त्याला बगलेत धरून उठवलं. खुर्ची आली, पाणी आलं. एकानं वारा घातला. मग शाल, श्रीफळ, फेटा. मग भाषण. खेळात हार-जीत महत्त्वाची नसते, असं साहेबांनी सविस्तर सांगितलं.

सुभेदार खालून गळा फाडून ओरडत होते, "मोज ना रे! मोज!" मी रेफरीकडे गेलो, नियमाचं बोललो. तो म्हणाला, "सर, मला परत मुंबईला जायचंय."

अन्वर तसाच कोपऱ्यात उभा. घाम वाळत चाललेला. नियम म्हणजे नियम.

भाषण संपलं, घंटा झाली. ताजातवाना झालेल्या चॅम्पियननं त्याच राउंडमध्ये अन्वरला आडवा केला. या वेळी रेफरीनं पूर्ण दहा मोजले. कोणी मध्ये आलं नाही.

अन्वर शुद्धीवर आल्यावर साहेब त्याच्याजवळ गेले, खांद्यावर हात ठेवला. "शाब्बास पोरा! जालन्याचं नाव काढलं. सांग, काय पाहिजे तुला? साहेबाचा शब्द हाये. सांग, लाजू नको."

अन्वरचा ओठ फुटलेला होता. तो सावकाश म्हणाला, "आठ, नऊ, दहा."

साहेबांनी मान डोलावली आणि पीएकडे वळून म्हणाले, "लिहून घ्या."