भोंगा झाला की
आमच्या चाळीत मिलचा अवेळी भोंगा झाला, म्हणजे आत आग तरी लागलेली असायची, नाहीतर कुणीतरी मशिनीत सापडलेलं. माणसं हातातलं टाकून गेटकडे पळायची. आबा सगळ्यांत पुढे. दादाला आणि मला त्यांनी लहानपणीच बजावलं होतं, "भोंगा झाला की गेटवर जायाचं. आत आपलीच मान्सं असत्यात." मिलमधून रिटायर झाल्यावरसुद्धा पाळीचा साधा भोंगा झाला तरी ते ताटावरून उठून उभे राहायचे. आई चिडवायची, "बसा की, तुमाला कोन बोलवतंय?"

सत्तरचं दशक सरता सरता दादा फिटर म्हणून आखातात गेला. लिहायचा त्याला भारी कंटाळा. सुटीवर येणाऱ्या एका सोबत्याबरोबर त्याने टेपरेकॉर्डर धाडला आणि मग पोस्टाने कॅसेटी येऊ लागल्या. दुपारी लोखंडाला उघडा हात लावायचा नाही, पाण्यात मीठ टाकून प्यायचं, असलं सगळं तो सांगायचा. एकदा हसत म्हणाला, "हितं भोंगा झाला म्हंजे गॅस सुटला. कारखान्याकडं पाठ करून मैदानात पळायचं. पयल्यांदा मी गेटकडंच पळालो. सायेब लई वरडला."

आई आणि मी हसलो. आबा हसले नाहीत.

पुढची कॅसेट आम्ही जेवणं झाल्यावर लावली. तिकडे ज्वारी मिळत नाही म्हणून दादा कुरकुरत होता. मधेच मागे भोंगा सुरू झाला. आपल्या मिलसारखा भरदार नव्हे, बारीक, चढत-उतरत जाणारा. दादा बोलता बोलता गप्प झाला. खुर्ची सरकली, पावलं वाजली, दार आपटलं. थोड्या वेळाने भोंगाही थांबला आणि नुसती पंख्याची घरघर उरली. ती रिकामी खोली आम्ही तिघं ऐकत बसलो. टेप बंद करायचं कुणाला सुचेना. बऱ्याच वेळाने दार करकरलं. कुणीतरी आत येऊन टेपजवळ उभं राहिलं. श्वास ऐकू आला. मग खटका दाबला गेला. एक शब्द नाही.

"त्योच हाय," आई म्हणाली.

"कशावरून?" मी विचारलं. तिने टेप मागे नेऊन तो श्वास पुन्हा ऐकायला लावला. पाकिटावरचा पत्ता त्याच्या खोलीतला सोबती लिहायचा, नेहमीच. त्यामुळे त्यावरूनही काही कळेना. तार केली, उत्तर आलं नाही.

आबा रोज ती कॅसेट लावायचे. टेपला कान लावून पावलं ऐकायचे. "कुनीकडं गेला गं त्यो?"

"दारातून कुणीकडेही गेला तरी आवाज तसाच येणार, आबा," मी खेकसायचे.

"मीच शिकवलंय त्याला," एवढंच ते म्हणायचे. मला त्यांचा राग यायचा, आणि राग आला की रडू फुटायचं.

अखेर दुसरी कॅसेट आली. आवाज दादाचाच, पण बसलेला. "गॅस न्हवता. सराव हुता. पन आबा, मी परत गेटवरच गेलो. पाय आपोआप गेले. तितं मी एकटाच हुतो. बाकीची समदी लांब मैदानात उभी राहून माज्याकडं बघत हुती. खोलीत आलो तर तोंडातनं शब्दच फुटंना." पुढे म्हणाला, "पुढच्या येळी खरंच गॅस असंल, तरीबी पाय तिकडंच जातील की."

आईने देवापुढे साखर ठेवली. आबांनी मला कोरी कॅसेट घालायला लावली, पण टेप चालू करू देईनात. दुपारच्या पाळीची वेळ झाली तसे ते पाटावर बसले आणि म्हणाले, "आता दाब."

भोंगा झाला. आबांनी दोन्ही हातांनी गुडघे दाबून धरले.

"ऐक रं. भोंगा झालाय. मी बसलोय. तुजी आईबी बसलीया. हितं कुनी उठलं न्हाय." "आत कुनीबी असू दे. तू जाऊ नगंस."

भोंगा थांबेपर्यंत मी टेप चालूच ठेवला. आबांनी गुडघे तसेच दाबून धरले होते. ते उठले नाहीत.