सैल ठेवलेले दोन स्क्रू

मोठ्या माणसांनी रिमोटच्या गाड्या पळवाव्यात याचा मला मनापासून राग होता. डहाणू रोड स्टेशनच्या तिकीट खिडकीत माझ्या शेजारी बसणाऱ्या सुनंदाताई पन्नाशीला टेकल्या तरी सुटीला हातभर गाडी पिशवीत घालून तलासरीकडे जातात, हे कळल्यावर मी त्यांना भरपूर पिडलं. "ताई, लायसन काढलंत का?" त्या हसायच्या आणि पुढच्याला तिकीट द्यायच्या.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी गाडीचं मूळचं प्लास्टिकचं चेसिस, म्हणजे मोटर-चाकं ज्यावर बसतात तो तळ, काढून अॅल्युमिनियमचं बसवलं. बोर्डीला त्यांच्या घरच्या सिमेंटच्या अंगणात गाडी झक्क वळायची. पण दर हिवाळ्यात या गाड्यांची शर्यत होते ती तलासरीजवळ, सुकऱ्या नावाच्या शेतकऱ्याच्या कापणी झालेल्या भातशेतात. ढेकळं, धसकटं आणि मधोमध बांध. बांधाला कुदळ लावायची नाही, या अटीवर सुकऱ्याने शेत दिलेलं, म्हणून दर फेरीला गाड्यांना बांधावरून उडी मारावी लागते. ताईंची गाडी ढेकळांवर नुसती उडत राहिली आणि एका उडीत तळ वाकला तो वाकलाच. त्याआधीही त्यांची एकही शर्यत पुरी झाली नव्हती.

"पुढच्या वर्षी शेवटपर्यंत पोचली नाही तर गाडी माळ्यावर," त्यांनी सगळ्या ऑफिससमोर सांगितलं. बाई शब्दाची पक्की, त्यामुळे मी चेष्टा थांबवली.

वर्षभर त्यांनी पुन्हा प्लास्टिकवरच डोकं घातलं. एकदा डब्याच्या सुटीत गाडी माझ्यासमोर धरून त्यांनी ओलं फडकं पिळावं तशी पिळली. हात सोडला, तर गाडी सरळ. "वरच्या पट्टीचे मधले दोन स्क्रू थोडे सैल ठेवलेत," त्या म्हणाल्या. "प्लास्टिकात घट्ट रुतलेत, गळायचे नाहीत. पण पट्टी जरा हलते, म्हणून तळ पिळतो आणि चारही चाकं जमिनीला धरून राहतात." मी ती गाडी पुन्हा पुन्हा पिळून पाहिली. दर वेळी ती सरळ व्हायची आणि दर वेळी मला नवल वाटायचं.

शर्यतीला मीही गेलो. उंबरगावचा दीपेश, ज्याची गाडी खालून चांदीसारखी चकाकत होती, ताईंची गाडी बघून म्हणाला, "बेन, आ तो प्लास्टिक छे." ताई म्हणाल्या, "हो, छे."

गाड्या सुटल्या. पहिलीच फेरी, गाडी शेताच्या पार दुसऱ्या टोकाला. मला तिथे फक्त धूळ दिसत होती. ताईंचा चेहरा बदलला. "वळताना आतलं मागचं चाक उचलतंय," त्या पुटपुटल्या. "स्क्रू कोणीतरी आवळलेत." एवढ्या लांबून या बाईला दोन स्क्रू दिसले.

शेजारी त्यांचे यजमान एकनाथराव उभे होते. रेल्वेत कीमन. हातोडा-पाना घेऊन रोज रुळाच्या कडेने चालायचं आणि सैल दिसेल ते आवळायचं, यात त्यांचा जन्म गेला.

"सकाळी बघितली," ते खाली बघत म्हणाले. "दोन ढिले होते. म्हटलं, वाटेत निघतील, तुझी गाडी परत मोडेल."

ताई ओरडतील असं मला वाटलं. मी असतो तर ओरडलो असतो. त्यांनी गाडी काठाला आणली आणि स्क्रूड्रायव्हर एकनाथरावांच्या हातात दिला. "तुम्हीच सोडा. मी रिमोट खाली ठेवत नाही. अर्धा फेरा, दोन्हीकडे सारखा."

एकनाथरावांनी खाली बसून एकेक स्क्रू मोजून अर्धा फेरा सोडला. आवळताना त्यांना कधी इतका वेळ लागला नसेल. सगळ्या गाड्या पुढे निघून गेल्या.

मग ती गाडी धावली. ढेकळांवरून अंग पिळत, वळणाला चिकटून. दीपेशची चकाकती गाडी बांधावर आपटून तिथेच पडली. शेवटच्या फेरीत ताईंची गाडी बांधावरून तिरकी उडाली आणि एका कोपऱ्यावर आदळली. तळ इतका पिळलेला मी डोळ्यांनी पाहिला की मी मान फिरवली. परत पाहिलं तेव्हा ती सरळ होऊन पळत होती. माझे डोळे भरून आले, सांगायला लाज कसली.

शर्यत पुरी करणाऱ्यांत ती सगळ्यात शेवटी आली. जिंकणाऱ्यांचे फोटो तोवर काढून झाले होते. एकनाथरावांनी गाडी उचलून माती पुसली, दोन्ही तळव्यांत धरून हळूच पिळली आणि सोडली.

"मला वाटलं, आवळायला विसरलीस तू," ते म्हणाले.

"विचारलं असतंत तर सांगितलं असतं," ताई म्हणाल्या. "इतक्या वर्षांत गाडीबद्दल एकदाही विचारलं नाहीत."

एकनाथराव तिथेच बांधावर बसले, गाडी मांडीवर घेतली आणि म्हणाले, "सांग."