भोरची जुनी जीप आणि सोंडेचा उतार

जीप घ्यायचं नक्की झालं ते सासूबाईंच्या डोळ्यांमुळे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. एका डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, दुसऱ्याला उजेड-अंधार तेवढा कळायचा. पुण्यात ऑपरेशन ठरलं, पण त्यांना खाली आणायचं कसं? त्यांची वाडी वेल्ह्याच्या वर, केळदच्याही पलीकडे. एसटी केळदपर्यंत जाते, तीही तिच्या मर्जीने. पुढे डोंगराच्या सोंडेवरून चढणारा कच्चा रस्ता. पावसाळ्यात त्याची माती निघून जाते आणि दिवाळीला खाली नुसते गोटे उरतात.

माझं नसरापुरात विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. एका पान्ह्यावर सुरू केलं, आज बरं चाललंय. जुन्या फोर-व्हील जीपवर माझा डोळा होताच. "आईला आणायला गाडी पायजे," असं सुमन, म्हणजे माझी बायको, एकदा म्हणाली आणि मला निमित्त मिळालं. ब्लॉगवर बरेच जण विचारतात, असली गाडी घ्यावी का? घ्या. पण आधी हे वाचा. त्या गाडीत मी सासूबाईंना घेऊन दरीत जाता जाता राहिलोय.

गाडी मिळाली भोरला. हमीदभाई नावाचे गृहस्थ, वय साठीच्या पुढे. त्यांनी आयुष्यभर डोंगरातल्या गावांना वडाप केलं, म्हणजे भाड्याने माणसं बसवून फेऱ्या मारल्या. आता गुडघे साथ देत नव्हते म्हणून गाडी विकायची होती. कापूरव्होळवरून एसटीने सकाळीच पोचलो. आधी स्टँडसमोर मिसळ खाल्ली, कारण उपाशी माणूस सौदा लवकर उरकतो.

मी गाडी डोळ्यांपेक्षा कानांनी बघतो. बोनेटवर कान ठेवला. इंजिन थकलेलं, पण खोटं बोलत नव्हतं. गिअर बॉक्स थोडा कण्हत होता, तो कण्हायचाच. मग म्हटलं, चढ दाखवा. हमीदभाईंनी गावाबाहेर एका खडीच्या चढावर गाडी घातली. त्यांच्या शेजारी त्यांचा नेहमीचा माणूस, शंकर, पाय लांब करून बसला होता. खाली दोन दांडे असतात: एक नेहमीच्या गिअरचा आणि एक धाकटा, चारही चाकांना हळू पण जबर ताकद देणारा. तो धाकटा टाकला आणि गाडी म्हशीसारखी शांतपणे चढून गेली.

"बघा शेठ, घाम तरी फुटला का हिला?" हमीदभाई म्हणाले.

"हँडब्रेक?"

"त्यो न्हाईच. दगुड ठेवा गाडीत एक. आमी असंच केलं समदं आयुष्य."

उतरताना आम्ही डांबरी रस्त्याने फिरून आलो. सौदा झाला. त्यांच्या बायकोने शिरखुर्मा दिला, गाडीच्या टपावरून हात फिरवला आणि आत निघून गेली. निघताना हमीदभाईंनी एवढंच सांगितलं, "उताराला घाई करू नका." मी मान डोलावली. ते कोण कोणाला सांगत नाही?

दोन दिवसांनी पहाटे निघालो, मी आणि सुमन. नसरापूर, आंबवणे, मार्गासनी करत वेल्हे. रस्ता खड्ड्यांचा, पण भीतीचा नाही. दोन्ही बाजूंना भात कापणीला आलेलं. मार्गासनीच्या पुढे मोबाईलची रेंज गेली. कोणाला जायचं असेल तर डिझेल नसरापुरातच भरून घ्या, पुढे भरवसा नाही. वेल्ह्यात चहा आणि गरम भजी. आम्हा दोघांचं तीस रुपयांच्या आत भागलं.

वेल्ह्याच्या पुढे चढ लागला आणि माझं लक्ष ब्रेककडे गेलं. ब्रेक दाबला की लागायचा, पण दाबून धरला की पायाखाली हळूहळू खोल जायचा, जुन्या गादीवर बसल्यासारखा. मी मोटारवाला, मला कळायला हवं होतं की कुठलं तरी रबर गळतंय. पण गळक्या ब्रेकचा आवाज होत नाही आणि माझा सगळा भरवसा कानावर. चढावर समोरून टेम्पो आला की आम्ही थांबायचो आणि सुमन दगड घेऊन उडी मारायची. मागच्या चाकाला दगड लागेपर्यंत मला ती आरशात दिसायची नाही. पाय ब्रेकवर, ब्रेक खोल चाललेला आणि गाडीमागे बायको.

"लागला का?" मी ओरडायचो.

"लागला! किती ओरडताय? मी काय भोरला हाय का?"

केळद मागे टाकून सोंडेचा कच्चा रस्ता धरला. गाडी तोही चढली, एकदाही न कुरकुरता. सुमन खूश. मी मात्र चढताना प्रत्येक वळणाला एकच बघत होतो: उद्या इथून खाली यायचंय.

सासूबाईंना मी मामी म्हणतो. अंगणात खांबाला धरून उभ्या होत्या. गाडीचा आवाज ऐकून म्हणाल्या, "आलं का पावणं? केवढा कालवा करती हो तुमची गाडी!" मेव्हणा बाळू गाडीभोवती फिरला, चाकाला लाथ मारली आणि पसंतीची मान हलवली. जेवायला नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि ताज्या तांदळाचा भात होता. मला दोन घासांपुढे जाईना. मामींना डोळ्यांनी दिसत नव्हतं, तरी ताट तसंच आहे हे त्यांनी ओळखलं. "ऑपरेशन माझं हाय का तुमचं?" म्हणाल्या. सगळे हसले. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर निघालो. सोंडेच्या वरच्या तोंडाशी, उतार सुरू होतो तिथे, एक हिरड्याचं झाड आहे. तिथे बाळूने हात केला.

"दाजी, थांबा. हितं समदी उतरत्यात."

त्या वाडीची रीतच आहे. वर जाताना गाडीत बसायचं, पण खाली येताना हिरड्यापाशी सगळ्यांनी उतरायचं आणि पायवाटेने चालत जायचं. गाडी रिकामी उतरवायची आणि खाली सपाटीला परत बसायचं. ज्याची गाडी त्याने तिच्यात बसावं, बाकीच्यांचा काय संबंध, असा तो सरळ हिशोब.

सुमन उतरली. बाळू उतरला. मामी बसून राहिल्या.

"आई, उतर की. म्या घेतो पाठकुळी."

"मी काय भाताचा भारा हाय का पाठीवर घ्यायला? त्या वाटंला तुझा पाय सटकला म्हंजी दोघंबी गेलो. मी गाडीतच बरी. आन् पावण्यांला एकटं कसं धाडायचं?"

सुमनने माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत काय होतं ते मला कळत होतं, आणि तिलाही माझ्या. पण मामींना चालवत नेणं खरंच शक्य नव्हतं. मी म्हटलं, "हळू नेतो." ते दोघं पायवाटेला लागले आणि मी धाकटा दांडा टाकून पहिल्या गिअरमध्ये गाडी सोडली.

आपल्याकडे जीपचं स्टेअरिंग उजवीकडे. उतरताना डोंगर माझ्या अंगाला आणि दरी मामींच्या. दाराच्या जागी नुसती कॅनव्हासची पट्टी. त्या पट्टीला हात धरून त्या मजेत गप्पा मारत होत्या. कुणाच्या शेताला कोण पाणी देत नाही, कुणाची सून कशी. मध्येच विचारायच्या, "आलं का खाली?"

"आलंच."

इंजिन गाडीला धरून होतं. त्याचा तो ताणलेला, घुमणारा आवाज मी कान लावून ऐकत होतो, कारण पायाखालच्या ब्रेकवर भरवसा नव्हता. तिसऱ्या वळणाच्या पुढे चाक एका गोट्यावरून आदळलं आणि आवाज बदलला.

विहिरीतलं पाणी संपलं की मोटारीचा आवाज एकदम हलका होतो, बिनओझ्याचा. हजार वेळा ऐकलाय तो मी. तसा झाला. खाली बघितलं तर धाकटा दांडा आपोआप सुटून मध्ये आला होता. म्हणजे गिअर असूनही चाकं मोकळी. गाडीला आता कोणीच धरलेलं नव्हतं.

ब्रेक दाबला. अर्धा लागला आणि खोल गेला. परत दाबला. परत. पाय भात्यासारखा चालत होता आणि दर वेळी थोडं कमी लागत होतं. डाव्या हाताने दांडा मागे ओढला तर दातांवर दात घासल्यासारखा करकरला आणि बसेना. गोटे चाकांखालून उडून मामींच्या बाजूने खाली जात होते. ते खाली कुठे पडतायत त्याचा आवाज मला येत नव्हता. त्या न येणाऱ्या आवाजाची जागा मला अजून झोपेत ऐकू येते.

"आता कशी पळायला लागली गाडी!" मामी म्हणाल्या. कौतुकाने.

पुढचं वळण दरीकडे उघडं. मी विचार केला असं म्हणणार नाही, विचाराला वेळ नव्हता. स्टेअरिंग डोंगराकडे ओढलं. उजवं चाक पाण्याच्या चारीत उतरलं, माझ्या बाजूचं सगळं अंग मातीला घासत गेलं, आरसा गेला, माती तोंडावर आली, आणि एका खडकापाशी गाडी तिरकी होऊन थांबली. इंजिन बंद पडलं.

सगळं शांत. मामींनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"आलं का केळद?"

त्यांनी चाचपत हात पुढे केला आणि तो माझ्या गुडघ्यावर पडला. ब्रेकवरचा पाय मी अजून काढला नव्हता. तो थरथर कापत होता.

"पाय का कापतोय हो?"

"थंडी आहे, मामी."

"एवढ्या उनाची?" त्यांनी हात काढला नाही. पाय थांबेपर्यंत तसाच ठेवला.

बाळू आणि सुमन धावत वर आले. सुमनने आधी आईला बघितलं, मग मला, आणि चाकाला दगड लावला. उरलेला उतार आम्ही कसा उतरलो? मी दांडा परत बसवला, गाडी रिव्हर्समध्ये चारीबाहेर काढली, आणि बाळू मामींच्या पुढ्यात खाली बसून दोन्ही हातांनी तो मागे ओढून धरून होता. सुमन दगड घेऊन चाकाच्या बरोबरीने चालत होती. केळदला सुमन गाडीत बसली, पण बाळूने वेल्ह्यापर्यंत दांडा सोडला नाही. बाळूच्या तळहातांना फोड आले.

रेंज आल्यावर मार्गासनीतून हमीदभाईंना फोन लावला. मनात शिव्या तयार होत्या.

"दांडा सुटतो तुमचा! उतारावर!"

"सुटणारच की, शेठ." पलीकडून शांतपणे. "शंकरनं टाच लावली न्हवती का?"

"कुठला शंकर? शंकर तुमचा!"

"या अल्ला! वीस वर्षं शंकर शेजारी बसून टाच लावतोय त्या दांड्याला. आमच्या ध्यानातच न्हाई राहिलं की तो बिघाड हाय. कोणाला काय झालं तर न्हाई ना?"

शिव्या तशाच राहिल्या. त्या माणसाने मला फसवलं नव्हतं. त्याच्या लेखी जीपला चार चाकं असतात, एक स्टेअरिंग असतं आणि एक शंकर असतो. भोरच्या चढावर तो पाय लांब करून बसला होता तेव्हा मी मनात म्हटलं होतं, काय माणूस आहे, मालकाशेजारी पाय पसरतोय.

तर जुनी फोर-व्हील घेणाऱ्यांसाठी माझं सांगणं: चढ सगळेच बघतात, तुम्ही उतार बघा. धाकट्या दांड्यात, रिकाम्या गाडीने, मोकळ्या जागी. ब्रेक दाबून धरा आणि पाय खोल जातो का बघा. आणि मालक गाडी चालवताना गाडीतल्या प्रत्येक माणसाचे हातपाय कुठे आहेत तेही बघा. मी नंतर चारही चाकांची ब्रेकची रबरं बदलली, दांड्याच्या आतला झिजलेला भाग नवा टाकला, हँडब्रेक बसवून घेतला. दर महिन्याला सगळं उघडून बघतो. गाडी आता एकदम चोख आहे.

मामींचं ऑपरेशन छान झालं. दोन महिने आमच्या नसरापूरजवळच्या घरी, वरव्याला राहून त्या सगळं बघत होत्या: हायवेवरचे ट्रक, नातवंडांची तोंडं, सुमनचे पिकलेले केस. मग घरची ओढ लागली. मी जीप काढली. सोंडेचा रस्ता चढायला लागलो तेव्हा मामी शेजारी बसल्या होत्या, पट्टीला धरून. पहिल्या वळणावर त्यांचं बोलणं थांबलं. त्या माझ्या बाजूने खाली दरीत बघत होत्या. वळणाच्या पुढेच, ज्या चारीत मी गाडी घातली होती तिथे मातीवर अजून ओरखडा होता. तो बघितला, मग नुकतंच मागे पडलेलं उघडं वळण बघितलं.

"हितनं आणलंत मला?"

"होय."

"थांबवा."

त्या उतरल्या. पदर खोचला आणि चढ चालायला लागल्या. मी मागून हळू गाडी घेतली. हिरड्यापर्यंत त्यांनी एकदाही मागे वळून बघितलं नाही.

परत येताना गाडीत मी एकटाच होतो. दांडा हलला नाही, ब्रेक खोल गेला नाही. घरी पोचलो तर सुमनने विचारलं, "नीट बसली होती का आई?" मी सांगितलं, चालत गेली. सुमन हसली आणि मग हसायची थांबली. आता दर सुगीला जातो आम्ही. गाडीवर माझा भरवसा आहे. तरी सोंडेच्या पायथ्याशी मी गाडी लावतो आणि आम्ही दोघं चालत वर जातो.